वरण-बट्टी वाढणारं गणकयंत्र

खान्देशातलं पहिलं गणकयंत्र मी बांधलं. पुण्या-मुंबईच्या लोकांनी उगाच हवेत राहू नये. सन एकोणीसशे पासष्ट साली, तापीकाठच्या एका खेड्यातल्या हायस्कुलात, वीज नसताना, तार नसताना, एक खिळासुद्धा न ठोकता मी ते उभं केलं आणि ते चाललं! इतकं चाललं, की थांबेना. गावाचं नाव मात्र विचारू नका. तिथले लोक अजून मला लग्नाची आमंत्रणं पाठवतात, आणि मी अजून काही ना काही निमित्त काढून जायचं टाळतो.

त्याचं असं झालं. मी गणित-विज्ञानाचा मास्तर. त्या वर्षी उन्हाळ्यात आम्हा विज्ञानशिक्षकांचं पुण्याला शिबिर होतं, आणि तिथे एका प्रोफेसरांनी गणकयंत्रावर व्याख्यान दिलं. बाकीचे मास्तर पंख्याखाली डुलक्या घेत होते. मी जागा होतो, कारण माझ्या खुर्चीपर्यंत वारा पोचत नव्हता. प्रोफेसर म्हणाले, या यंत्राला स्वतःची अक्कल नसते. बाहेरची माहिती आत घ्यायची, आठवणीत ठेवायची, दिलेल्या हुकमांप्रमाणे एकेक पायरी करत जायचं आणि उत्तर बाहेर द्यायचं, एवढंच ते करतं. हुकूमही साधे असतात. अमुक असेल तर हे कर, नसेल तर ते कर. तमुक होईपर्यंत हेच करत राहा. बस! मी म्हटलं, यात काय एवढं? अक्कल न चालवता सांगितलेलं करणारी पोरं तर आमच्या दहावीच्या बाकांवर मावत नाहीत. यंत्राचं सगळं सामान शाळेत तयार आहे, फक्त जोडायचं बाकी आहे.

शाळा उघडल्यावर मी दहावीतली पोरं घेऊन ते जोडलं. जामसिंग म्हणजे यंत्राचे डोळे. बाहेर काय चाललंय ते बघायचं आणि मोठ्यानं आत सांगायचं, हे त्याचं काम. वत्सला म्हणजे आठवण. तिच्यापुढे पाट्या मांडलेल्या, प्रत्येक पाटीच्या चौकटीवर एक नाव आणि पाटीवर त्या नावाची किंमत. किंमत बदलली की तिनं जुनी पुसून नवी लिहायची. उखा म्हणजे निर्णय. फळ्यावरचे हुकूम त्यानं ओळीनं वाचायचे, जामसिंगचं ऐकायचं, वत्सलाच्या पाट्या बघायच्या आणि पुढे काय करायचं ते ठरवायचं. आणि धडगावकडचा गोवाल, जो वसतिगृहात राहायचा आणि ज्याला दमणं म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तो यंत्राचे हात.

मी त्यांना दोन नियम घालून दिले. पहिला, स्वतःची अक्कल चालवायची नाही. दुसरा, यंत्र चालू असताना बाहेरच्या कोणाचंही ऐकायचं नाही. हा दुसरा नियम मला आमचे हेडमास्तर मोतीलाल सर यांच्यामुळे करावा लागला. यंत्र बेरीज करायला लागलं की ते मधेच येऊन हातचा एक सांगायचे. पहिला नियम मोडला म्हणून मी एका पोराला यंत्रातून काढूनही टाकलं, त्यामुळे बाकीचे सुतासारखे सरळ झाले. मग यंत्रानं काय काय करून दाखवलं म्हणता! शेजारशेजारची दोन पोरं बघ, डावीकडचा उंच असेल तर जागा बदल, बदलायला कोणी उरत नाही तोपर्यंत हेच करत राहा. एवढ्या हुकमावर अख्खी शाळा उंचीप्रमाणे एका रांगेत उभी राहिली. ड्रिलमास्तर पुढे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

आता इकडे शाळेचा जीव टांगणीला लागला होता. आमची शाळा दहावीपर्यंत. अकरावीला, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गाला, मंजुरी हवी होती आणि त्यासाठी धुळ्याहून तपासणीचे साहेब यायचे होते. मंजुरी मिळाली नसती तर मुलगे नंदुरबारला जाऊन शिकले असते. मुली कुठे गेल्या असत्या? चुलीपुढे! आमची वत्सला ही संस्थेचे अध्यक्ष चुनीलाल पाटील यांची मुलगी. गुजर पाटील, केळी आणि कापूस उदंड, मनानं मोठा माणूस, पण त्यांनी उघडच सांगून ठेवलं होतं. गावात अकरावी झाली तर पोरगी शिकेल, नाहीतर तापीपलीकडचं स्थळ तयार आहे. ते स्थळ मी बघितलं होतं. कापसाच्या गाडीवर बसून शीळ घालण्यापलीकडे त्याला काही येत असावंसं वाटलं नाही. आणि वत्सला गणितात कोणापेक्षा हुशार होती, ते मी इथे लिहीत नाही. मास्तर झालो तरी मलाही मान आहे.

साहेब यायच्या आधी पाटलांच्या ओट्यावर बैठक बसली. वर्ग सारवायचे, झेंडा धुवायचा, असं सगळं ठरलं. मी माझ्या यंत्राचा विषय काढला. साहेबांपुढे यंत्र दाखवलं की मंजुरी आलीच समजा, असं मी छाती पुढे काढून सांगितलं. पाटील सुपारी कातरता कातरता थांबले.

"मास्तर, तुमनं यंत्र गणित करी, ते ठीक. पन ते पाव्हनाले जेवाले वाढी का?"

ओट्यावर हशा पिकला. मोतीलाल सर सगळ्यांत जोरात हसले. मला राहवलं नाही. मी म्हणून गेलो, की वाढेल! साहेबांची पंगत माझं यंत्रच वाढेल, आणि असं वाढेल की बघत राहाल. शब्द तोंडातून गेले आणि पाटलांनी ते उचलून धरले. त्यांना वाटलं, साहेबापुढे गावाची शान वाढेल.

मी लगेच फळा मागवून हुकूम लिहिले. पाहुण्याचं पान रिकामं असेल तर कणकेच्या तळलेल्या दोन बट्ट्या, त्यावर वरण, त्यावर तूप. पाहुणा 'पुरे' म्हणाला की थांब. सुटसुटीत! पण दारामागून पाटलांच्या मंडळी, रुक्मिणीबाई, ऐकत होत्या. त्या बाहेरच आल्या. पाहुणा पुरे म्हणाला आणि वाढणारा थांबला, असं त्यांच्या सासरी आणि माहेरी कधी घडलं नव्हतं.

"पाव्हनानं पुरे तोंडनं ऱ्हास मास्तर, पोटनं नही," त्या म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं असं, की पुरे म्हटल्यावर जो थांबतो त्यानं पाहुण्याला उपाशी उठवलं. सगळ्या ओट्यानं माना डोलावल्या. मी हुकूम बदलला. पाहुणा 'पुरे' म्हणाला तर आणखी दोन बट्ट्या वाढ आणि पहिल्या हुकमाकडे परत जा. मग थांबायचं कधी? रुक्मिणीबाई म्हणाल्या, त्यात काय विचारायचं, पाहुणा पानावरून उठला की थांबायचं. तेही मी लिहिलं. पाहुणा उठला की थांब. मागे सरकून फळा न्याहाळला. एक कानामात्रासुद्धा बदलावीशी वाटली नाही.

वत्सला मात्र बराच वेळ फळ्याकडे बघत उभी होती. मग तिनं विचारलं, "सर, पान सारखं भरलं जाणार, तर साहेब उठतील कधी?"

मी तिला पहिल्या नियमाची आठवण करून दिली. ती बरं म्हणाली. तिनं 'पाहुणा' नावाच्या पाटीवर 'साहेब' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. ते तिनं जरा जास्तच सावकाश लिहिलं होतं, पण माझं लक्ष तेव्हा माझ्या कोटाला इस्त्री कुठे करून मिळेल याकडे होतं.

साहेब आले. रत्नागिरीकडचे, अंगानं काडी, बोलायला अतिशय मृदू. दुपारच्या गाडीनं परत जायचंय, तेव्हा आधी वर्ग बघू, असं ते म्हणाले. पण आमच्याकडे पाहुण्याला आधी जेवू घालतात आणि मग काम विचारतात. शाळेच्या व्हरांड्यात केळीची पानं मांडलेलीच होती. साहेब मधे, एका बाजूला चुनीलाल पाटील, दुसऱ्या बाजूला मोतीलाल सर, आणि मग गावातली मातबर मंडळी. मी यंत्राजवळ, मालकासारखा उभा. साहेबांनी बसता बसता सांगितलं, की मी थोडंच जेवतो, पण पानावर शीतसुद्धा टाकत नाही, आमच्या आईची तशी शिकवण आहे. गावानं ते ऐकून वाहवा केली.

मी टाळी वाजवली आणि यंत्र सुरू झालं.

काय चाललं ते, महाराज! जामसिंगनं पान रिकामं असल्याचं सांगितलं, उखानं हुकूम वाचला, गोवालनं बट्ट्या कुस्करून वरण घातलं आणि खापर गावच्या बाजारातून आणलेल्या भल्याथोरल्या किटलीतून तुपाची धार धरली. साहेब खूश झाले. पोरं किती शिस्तीची, म्हणाले. आवडीनं जेवले, पान चाटूनपुसून लख्ख केलं आणि उठण्यासाठी मांडी सोडायला लागले.

"पान रिकामं," जामसिंग म्हणाला.

साहेबांची मांडी सुटायच्या आत पान भरलं होतं. साहेब हसले, पुन्हा बसले. आग्रह असतोच, म्हणाले. तेही त्यांनी संपवलं, कारण टाकायचं नाही. संपल्याबरोबर पुन्हा पान भरलं, कारण रिकामं ठेवायचं नाही. मग साहेबांनी हात आडवा धरून पुरे म्हटलं. आणखी दोन बट्ट्या! आता खरंच पुरे, म्हणाले. आणखी दोन! पुरे म्हणजे पुरे, असं ते जरा आवाज चढवून म्हणाले. जामसिंग हा अत्यंत प्रामाणिक मुलगा. त्यानं आत कळवलं, की साहेब दोनदा पुरे म्हणाले. साहेबांच्या पानावर चार बट्ट्या आल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की वत्सलानं ओट्यावर काय विचारलं होतं. पान स्वच्छ केल्याशिवाय साहेब उठणार नाहीत. साहेब उठल्याशिवाय यंत्र थांबणार नाही. यंत्र थांबल्याशिवाय पान स्वच्छ होणार नाही. आणि मुख्य पाहुणा उठल्याशिवाय पंगतीतल्या कोणी उठायचं नाही ही गावाची रीत, त्यामुळे अख्खी पंगत कुलूप लावल्यासारखी बसून! मातबर मंडळींचे हात कधीच वाळले होते.

मी जामसिंगला डोळ्यानं खुणावलं. त्यानं माझ्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघितलं. मी उखाच्या कानाशी लागून आता बस कर म्हटलं. तो हळूच म्हणाला, "सर, तुम्ही बाहेरचे."

दुसरा नियम! माझाच! मोठ्यानं ओरडून थांबवावं, तर पाटील शेजारीच बसलेले. त्या गावात भर पंगतीत 'पाहुण्याला वाढू नका' असं जो म्हणेल, त्याला पुढे प्यायला पाणी कोणी दिलं नसतं. मोतीलाल सर माझ्याकडे असं बघत होते, की पुढच्या वर्षी मला कुठल्या शाळेत अर्ज करावा लागेल याचा मी विचार करायला लागलो.

साहेब शहाणे माणूस. त्यांनी थोड्या वेळानं या वाढण्याची मेख ओळखली. पुरे म्हणणं सोडून दिलं, आणि पानावर बट्टीचा एक तुकडा शिल्लक ठेवून स्वस्थ बसले. पान रिकामं नाही, पाहुणा पुरे म्हणत नाही, पाहुणा उठतही नाही. उखा हुकूम वरपासून खालपर्यंत वाचायचा आणि पुन्हा वर जायचा. गोवाल किटली घेऊन उभा. साहेब तुकड्याकडे बघतायत, जामसिंग तुकड्याकडे बघतोय, आणि पंगत साहेबांकडे बघतेय. लांबून एस.टी.चा हॉर्न ऐकू आला आणि गाडी निघून गेली.

साहेब मोतीलाल सरांकडे वळले. आवाज मृदूच होता, पण नजर गोवालच्या किटलीवरून हलत नव्हती.

"हेडमास्तर, मी इथून उठलो ना, की आधी तुमच्या मंजुरीचा निकाल लावतो."

पाटलांना वाटलं, साहेब प्रसन्न झाले. ते हसून मिशांवर हात फिरवायला लागले. पण वत्सलाला बरोबर कळलं. इतका वेळ ती मनातल्या मनात माझी गंमत बघत होती, हे मला ठाऊक होतं, पण आता तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला फार वाईट वाटलं. एवढी हुशार पोर, आणि माझ्या यंत्रापायी ती शीळ घालणाऱ्याच्या घरी जाणार! मी तिच्याजवळ गेलो आणि हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले.

तिनं डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं, मग पाटीकडे बघितलं. आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"सर, हुकूम मोडायचा नाही. पण पाटीवरची किंमत बदलायला बंदी नाही ना?"

बंदी कसली, ते तर तिचं कामच! मी घाईघाईनं मान हलवली. कशाला हो म्हणतोय ते मला कळलं नव्हतं. तिनं 'पाहुणा' या पाटीवरचं 'साहेब' पुसलं आणि तिथे 'सर' लिहिलं. मग मला म्हणाली, समोर एक पान मोकळं आहे, बसा.

मी बसलो. जामसिंगची नजर साहेबांवरून उठली आणि माझ्यावर येऊन बसली.

"पान रिकामं," तो म्हणाला.

गोवाल किटली घेऊन माझ्याकडे आला. साहेबांचा आधी विश्वासच बसेना. किटली आपल्यावरून पुढे गेलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली, झटकन तो शेवटचा तुकडा तोंडात टाकला, पाटलांच्या खांद्याला धरलं आणि उठले. उठले! पंगतीनं सुटकेचा श्वास सोडला आणि ती त्यांच्यामागे उठली. मीही उठायला लागलो. पण माझं पान भरलेलं होतं, आणि तूप घेऊन आलेल्या रुक्मिणीबाई नेमक्या समोर उभ्या होत्या.

"काय मास्तर, अन्न टाकी ऱ्हायनात?"

मी बसलो. पान संपवलं. पान भरलं. चुकून पुरे म्हणालो. पुढचं काय सांगू? फळ्यावरचे हुकूम माझ्याच अक्षरात होते, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. व्हरांड्यात मी एकटा, समोर ते तिघे, आणि वत्सला पाटी मांडीवर घेऊन अगदी निवांत बसलेली. तिला पाटी पुसायला एक क्षण पुरला असता. पण आठवण म्हणजे आठवण, तिनं स्वतःहून काही करायचं नसतं, असं ती मला समजावून सांगत होती. तिच्या भूमितीच्या वहीत मी चूक ठरवलेलं एक उत्तर बरोबर होतं असं कबूल केल्यावर तिनं पाटी पुसली.

भिंतीला धरत धरत मी दहावीच्या वर्गात गेलो. साहेब दोन बाक जोडून त्यावर उताणे पडले होते. कोटाची बटणं सोडलेली. मोतीलाल सर हजेरीपटानं वारा घालत होते. तपासणी राहिली होती, गाडी गेली होती. मी दारातच थांबलो. माझ्यामागे वत्सला येऊन उभी राहिली.

साहेब छताकडे बघत बोलायला लागले. मंजुरी नाकारण्याचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. पण नाकारली तर नियमाप्रमाणे पुढच्या वर्षी फेरतपासणी होते, आणि फेरतपासणीला त्यांनाच यावं लागतं. एवढं बोलून त्यांनी पोटावरून हात फिरवला. तेवढ्यात खिडकीतून रुक्मिणीबाईंचा आवाज आला. गाडी गेलीच आहे, तर साहेब मुक्कामाला आहेतच, रात्री शेवया चालतील का पुरणाच्या पोळ्या करू, असं त्या विचारत होत्या.

साहेब ताडकन उठून बसले. "कागद आणा."

मोतीलाल सरांनी मंजुरीचा कागद पुढे केला. साहेबांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि टोक कागदाला लावणार, तोच थांबले. मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"एक सांगा मास्तर. ती पोरं फळा आणि पाट्या घेऊन मागे काय करत होती?"

याच क्षणासाठी तर मी कोटाला इस्त्री केली होती! खान्देशातलं पहिलं गणकयंत्र! प्रोफेसरांचं व्याख्यान माझ्या जिभेवर होतं. पण ज्यानं आपली ही गत केली ते यंत्र या मास्तरनं बांधलं, हे साहेबांना कळलं, की पेन पुन्हा खिशात जाणार होतं. मोतीलाल सरांचा हजेरीपट हवेत थांबला होता. वत्सला पेनाच्या टोकाकडे बघत होती, पापणीसुद्धा न हलवता.

"पद्धत आहे साहेब," मी म्हणालो. "आमच्याकडे असंच वाढतात."

"बरीच जुनी दिसते," साहेब म्हणाले, आणि सही केली.